पंचवीस सेकंद

पाळी सुटली की उद्यमबागेतनं सरळ येळ्ळूर.
स्कूटरच्या पुढ्यात ट्रायपॉड आडवा,
कॅमेरा पोटाशी, दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला.
बागेवाडीच्या बाजूनं ढग चढलाय, गड्डा कोबीसारखा,
आणि त्याच्या पोटात कुणीतरी
ओल्या काड्या ओढून बघतंय.

गडावर चढत नाही मी. तेवढी अक्कल आहे.
पायथ्याच्या शाळेचा व्हरांडा बरा,
तिथला वॉचमन बाळेश बाक सरकवून देतो.

दिवसभर भट्टीतला उजेड काळ्या काचेतून बघतो मी.
तो सांगून येतो, घंटा वाजवून.
हा येत नाही.
म्हणून शटर आधीच उघडायचं
आणि अंधाराला पंचवीस सेकंद
काहीही न मागता बघत राहायचं.
बहुतेक वेळा अंधारच येतो.
कार्डावर दोनशे बारा काळ्या चौकटी आहेत,
एकीत बाळेशची विडी.

वीज लकाकली की आम्ही मोजतो,
मी एक दोन तीन,
तो ओंदु एरडु मूरु.
आमचे आकडे जुळत नाहीत कधी,
त्याचे जरा घाईत असतात.
आवाज मात्र दोघांनाही
एकदमच गाठतो.

त्या मंगळवारी मोजायला वेळच मिळाला नाही.
पांढरं. नुसतं पांढरं.
दातांत तांब्याची चव,
व्हरांड्याचे पत्रे अजून थरथरत होते
आणि बाळेश म्हणाला, सिडिलु,
हळू, जसं कुणाचं नाव घ्यावं.

पडद्यावर बघितलं
आणि मी, खोटं कशाला बोलू, नाचलो.
वरपासून खालपर्यंत, एकही फांदी कापलेली नाही,
जमिनीला जिथं टेकली तिथली
नारळाची झावळीसुद्धा मोजता येत होती.

सकाळी कळलं, तो नारळ यल्लूबाई कुगजींचा.
खाली म्हैस बांधलेली होती.

पंचनाम्याला फोटो लागतो म्हणाले.
मी प्रिंट घेऊन गेलो, चप्पल दाराबाहेर काढून
तिथंच उभा.
तलाठ्यानं उलटसुलट करून बघितला,
म्हणाला, यात म्हैस कुठाय?

यल्लूबाईंनी हात पदराला पुसले,
फोटो उजेडाकडं धरला.
खालच्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेत
गोठ्याचं छप्पर दिवसासारखं उजळलेलं.
त्यावर बोट ठेवून
बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या,
"आत उभी हाय बघ.
चांगला आलाय.
एवढा उजेड नव्हता कधी आमच्या गोठ्यात."

त्या रात्री परत ढग आले.
बाळेशनं बाक सरकवला.
मी ट्रायपॉड उघडला, पाय रोवले,
आणि शटरवर बोट ठेवून
नुसता मोजत बसलो.