सेकंदांचा फळा

माझं अक्षर मोठं, म्हणून मला घेतलं.
वाळपईच्या शाळेत गणित शिकवते,
फळाही शाळेचाच.
आग्नेल पायलट, एरवी म्हापशाच्या बाजारातून
बायकांना टोपल्यांसकट घरी सोडणारा,
म्हणाला, "बाये, घट्ट धर.
फळो पडलो जाल्यार दोगांयचे पैशे वतले."

पाच दिवसांची शर्यत, हा चौथा.
केरी सुटलं, अंजुण्याचं पाणी मागे पडलं.
पुढे एकटाच सत्त्याऐंशी नंबर,
मागे शंभरांचा घोळका,
एकाच जनावरासारखा धापत.
३:४०
आधी त्याला दाखवायचा, मग थांबून त्यांना.
आकडा तोच.
त्याला भाकरी, त्यांना भूक.

चोर्ल्याचा घाट लागला.
२:०५
१:१०
पुसायला आधी रुमाल, मग ओढणी, मग तळहात.
वजाबाकी म्हणजे काढून घेणं,
वीस वर्षं मुलांना सांगतेय.
कुणाकडून, ते कुणी विचारलं नाही.

०:३५
त्याने मान वर केली.
फळ्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.
खडू माझ्याच हातात होता.
शून्याच्या जागी एक उभी रेघ,
एवढ्यानं झालं असतं.
आग्नेलला आरशात दिसलं असावं.
"खरें तें बरय," इतकंच बोलला, गिअर टाकत.

०:१४
लिहिलं.
सत्त्याऐंशी हसला, किंवा दात आवळले,
चालत्या मोटारसायकलवरून सांगता येत नाही.
मग पिवळी जर्सी ढुंकूनही न बघता निघून गेली.
नाही, चुकले.
जाताना त्याच्या पाठीवर हात टेकवून गेली.

सुर्ल्याच्या माथ्यावर तिघांना हार, काजूच्या पिशव्या.
स्पीकरवर नावं चुकली, टाळ्या बरोबर पडल्या.
दुसऱ्या दिवशी पणजीत पिवळी जर्सी जिंकली,
पाच दिवसांच्या बेरजेत नऊ सेकंदांनी.
यादीत बोट फिरवत खाली आले:
इल्मार सारेपू, एस्टोनिया, एक्केचाळिसावा.

सोमवारी सातवी ब.
दोन सायकलस्वार एकाच दिशेने निघाले, पहिल्याचा वेग...
"टीचर, पयलो कळ्ळें आसलें काय ताका?
फाटल्यान दुसरो येता म्हूण?"
उर्वी झर्मेकर, खिडकीजवळची.
गणितात दिलेलं नाही, मी म्हटलं.

फळा कपाटाला टेकवून ठेवलाय.
ओल्या फडक्यानं दोनदा पुसला.
दुपारी ऊन तिरकं आलं
की त्यातला चार अजून दिसतो.