पाणसळ

ओटा काढायचा ठरला तेव्हा जुलै होता,
ह्युऑन नदीवर धुकं,
सिग्नेटच्या धक्क्याच्या फळ्यांवर गोठलेलं दंव.
सव्वीस फुटी होडी. तिच्यात स्वयंपाकघर म्हणजे
एक पाऊल टाकलं की सुरू,
दुसरं टाकलं की संपलं.

फायबरग्लासचा ओटा, कधीकाळी सायीसारखा,
आता जुन्या दातासारखा पिवळा.
सिंकभोवती चिरा,
आणि डाव्या कोपऱ्यात एक तपकिरी कडं:
ब्रूनी बेटाच्या आडोशाला, वादळात,
आईनं तापलेली किटली थेट टेकवली होती.
"बुडलो तर कोण बघायला येतंय?"
बुडलो नाही.
तेवीस वर्षं सगळे बघत आलो.

स्क्रू एकतीस.
तीस मुकाट्यानं निघाले.
एकतिसावा सिलिकॉनखाली दडलेला;
तासभर पहारीनं उचकटतेय, ओटा तीन कोपऱ्यांनी हो म्हणतोय
आणि चौथ्यानं नाही.
मग नखाला लागला. निघाला.
ओटा हातात आला, आणि दारातून बाहेर जाईना.
उभा धरला, तिरका धरला,
सोफा जिन्यात अडकल्यावर माणसं जे जे करतात ते सगळं केलं.

शेजारच्या होडीतून एर्नी पायबस, हातात टोस्ट:
"नाही जायचा, मेरिन.
आधी ओटा बसवतात, मग वर छत चढवतात.
जन्माला येतानाच आत होता तो."

म्हणून कापला.
करवतीखालून पांढरी धूळ उडाली,
कॉलरमधून आत गेली, खाजकुयलीसारखी.
(थंड पाण्यानं धू, एर्नी ओरडला, गरम पाण्यानं आत मुरते.
जुलैत. थंड पाण्यानं.)
दोन पातळ थरांमध्ये बाल्साचं लाकूड असायला हवं होतं;
होता काळा ओला चोथा,
चहाच्या गाळणीत उरतो तसा.
म्हणजे इतकी वर्षं आम्ही
चोथ्यावर पाव कापत होतो.

चार तुकडे. चौथ्यात ते कडं.
कचरा डेपोवरच्या माणसानं वजन केलं,
"बारा डॉलर," म्हणाला.
मी बारा डॉलर दिले.

नवा ओटा सेलरी-टॉप पाइनचा,
आधी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांतून कापलेला,
पट्ट्या पट्ट्या चिकटवून: घासाघासाला होडीच्या पोटाचा बाक.
डावी बाजू उजवीसारखी नाही, हे तेव्हा कळलं.
चार मिलिमीटरचा फरक. कुणी सांगितलं नव्हतं.
दोन तुकड्यांत आत नेला, आत जोडला.
थंडीत इपॉक्सी धरेना,
तेव्हा वर गरम पाण्याच्या दोन पिशव्या, वर माझी गोधडी,
आणि मी कोट घालून झोपले.

त्याआधीची गोष्ट राहिली.
मी पाणसळ आणली होती.
बुडबुडा मध्ये आला,
तेवढ्यात सॅमन-फार्मची लाँच गेली,
बुडबुडा गेला या टोकाला, आला, गेला,
मी पाचर सरकवतेय, काढतेय, सरकवतेय.
एर्नी दारातून वाकून बघत होता. हसला नाही,
तेच जास्त लागलं.
"पाण्यावर बसून पाण्याला विचारतेस, सरळ काय ते?
होडीला विचार."
मग पाणसळ खोक्यात ठेवली.
मागच्या भिंतीपासून टेप धरला, दोन्हीकडून,
आणि होडी म्हणाली ते सरळ मानलं.

कठडा शेवटी लावला, बोटभर उंच.
पहिल्या दिवशी त्यावर एक कांदा ठेवला.
कांदा डावीकडे निघाला,
कठड्याला टेकला, थोडा विचार केला,
परत उजवीकडे.
मी तो चिरला नाही बराच वेळ.

आई शनिवारी येणार आहे.
मी स्वतः किटलीखाली फडकं ठेवते, दोन घड्यांचं.
तिनं किटली कुठे टेकवायची
ते तिला सांगणार नाही.