बोलीला पैसे पडतात

मोंढ्यात बोलायला पैसे पडत नाहीत.
चौतीसशे दहा, चौतीसशे वीस,
ढिगापुढं उभं राहून कितीही ओरडा.
माल दुसऱ्याच्या काट्यावर गेला तर
हातातले चार दाणे ढिगात परत टाकायचे,
चहा प्यायचा, पुढच्या ढिगाकडं सरकायचं.
हरणाऱ्याचं काही जात नाही,
गेला तर घसा.

एकोणीस वर्षं सेलूच्या मोंढ्यात
झंवर शेठच्या आडतीवर सौदापट्ट्या लिहितोय.
मला कुणी लिलाव शिकवावा?

अफसरच्या मोबाईल दुकानातल्या पोरानं शिकवला.
म्हणला, मुनीमजी, वॉशिंग मशीन चारशेला जातीय.
खोटं नव्हता बोलत.
फक्त प्रत्येक बोली आधी विकत घ्यायची, बारा रुपयाला.
टाकली की भाव चार आण्यानं वर
आणि घड्याळ परत पंधरा सेकंदांवर.
शून्याला ज्याचं नाव, त्याची मशीन.
बाकीच्यांचे बारा बारा?
ते गेले.

सहा रात्री मी नुसता बघत बसलो.
पिकल्या माणसाचा डाव: आधी गिऱ्हाईक ओळख.
वहीत नावं मांडली.
जो सुरुवातीलाच उधळतो, त्याला सोडून द्या,
तो अकराला झोपतो.
जो एका दमात पाच टाकतो, तो भेदरलेला आहे.
आणि एक नाव असं, की बरोबर दोन सेकंद राहिले की येतं.
ना खोकतं, ना लघवीला उठतं.
माणूस असेल तर नवल.

पहाटे तीनला, मालगाडी गेल्यावर, मी उतरलो.

सगळे गळाले. राहिलो दोघं.
मी, आणि अनसूया_परळी.

तिनं टाकली, मी टाकली.
पंधरा. चौदा. तिनं टाकली.
परळीला बाई जागी, सेलूला मी जागा,
मधे मानवत, पाथरी, सोनपेठ अंधारात,
आणि आमच्यामधे चार चार आण्यांची
एक शिडी वर वर चाललेली.
एकशेएकतीस बोल्या झाल्या माझ्या.
आता उठलो तर पंधराशे बहात्तर पाण्यात,
म्हणून बसलो.
बसलो म्हणून पंधराशे चौऱ्याऐंशी होणार.

भाव चारशे तीस.
हात मुनिमाचा. सवयीनं
सौदापट्टीच्या पाठीवर आकडे मांडले.
चारशे तीसला चार आणे, सतराशे वीस बोल्या.
बारानं गुणल्या, वीस हजार सहाशे चाळीस.
दुकानात मशीन नऊ हजाराची.
पुन्हा गुणलं. पुन्हा तेच आलं.
ह्या ढिगाची आडत एवढी, की
ढीग कुणाचा हे विचारायलाच कुणी नको.

आत सुलोचना कुशीवर वळली.
तिनं मशीन मागितली नव्हती कधी.
मी तिला विचारलंही नव्हतं.

सात. सहा.
बोट बटणावर.
तिकडं असेल का कुणी?
पदर खोचलेली, डोळे चुरचुरणारी,
नवऱ्याच्या नकळत, माझ्यासारखंच गणित चुकलेली?
की एका थंड खोलीतला खोका,
ज्याला परळी कुठंय ते ठाऊक नाही?
पाच.
तेवढ्यात लाईट गेली.
इथं जाते रोज, चारच्या आसपास.
वीज परळीला होते, अंधार आमच्याकडं होतो.
लॅपटॉपच्या बॅटरीत दम होता,
नेटच्या डोंगलचा दिवाही निळाच होता.
टाकता आली असती.

तीन.
दोन.

नाही टाकली.

सकाळी शेठनं खतावणी पुढं ओढली.
माझ्या पगाराच्या पानावर उचल पंधराशे बहात्तर.
कशापायी, म्हणले, नाव लागतं खात्याला.
मी लिहिलं:
हातउसने. अनसूयाबाई, परळी.

पाहुण्यातली का?

म्हणलं, हाव. लांबची.
बाहेर पुकारा सुरू झाला होता,
चौतीसशे दहा, चौतीसशे वीस,
आणि एवढ्या ओरडण्यात
एकाचाही एक रुपया जात नव्हता.