पाठवणाऱ्याशी नातं

दाभोळ शाखेत परदेशातून आलेला पैसा मीच बघतो,
म्हणजे वर्षातून सात-आठ वेळा.
बाकी दिवस सोनंतारण, पेन्शन,
आणि पासबुक छापायचं यंत्र,
खाडीच्या खाऱ्या हवेनं ते अक्षरं गिळतं.

हाजराबी परकार धोपाव्याहून फेरीबोटीनं आल्या,
एकट्या.
पिशवीत चष्मा, आधार कार्ड,
आणि केपटाऊनचा एक मेसेज
कुणाकडून तरी कागदावर छापून घेतलेला.

घर विकलं गेलं होतं.
चार खोल्या, पुढे दुकानाची फळी, मागे लिंबाचं झाड,
सगळ्याचे मिळून रँड झाले, रँडचे डॉलर,
डॉलरचे रुपये व्हायचे राहिले होते
आणि त्यांच्या वाटणीची रक्कम अकरा दिवस
मुंबईत कुठेतरी उभी होती,
ओहोटीत रुतलेल्या मचव्यासारखी.
कारण इथल्या खात्यावर त्या हाजरा
आणि तिकडच्या कागदावर हाजिरा.
एका वेलांटीला अख्खं घर अडकलं.

वेलांटी सोडवायला एक स्टँपपेपर लागला, दोन साक्षीदार,
आणि माझे रत्नागिरीला सहा फोन.

मग पुढचे रकाने.
पैसे कशाचे? घरविक्रीतला हिस्सा.
घर कुणाचं?
"हेंचां," म्हणाल्या, आणि भिंतीकडे बघितलं.
भिंतीवर फक्त बँकेचं कॅलेंडर होतं.
तुम्ही राहिलात तिथं?
"नाय. फोटूत बगलां. निळा दरवाजा हाय."

इस्माईल परकार लग्नाला आले, तीन महिने राहिले,
बोटीनं परत गेले.
नंतर चारदा आले. मधे पत्रं, मनीऑर्डरी,
आणि एका पत्रात, खूप खालच्या ओळीत,
दुसरं लग्न.
हे मी विचारलं नव्हतं.
सर्व्हर बंद होता, म्हणून त्या सांगत राहिल्या.

सर्व्हर आला.
पाठवणाऱ्याचं नाव: फदीला.
पाठवणाऱ्याशी नातं:

हा रकाना रिकामा सोडला तर पान पुढे सरकत नाही.
खाली यादी उघडते. आई, वडील, पती, मुलगा,
सगळ्यात शेवटी इतर.
मी आवाज खाली घेऊन विचारलं, इतर टाकू?
मागून टोकन अठ्ठावीस खोकली,
तिची मासळी बाहेर उन्हात होती.

हाजराबींनी चष्मा लावला, उगाच,
कारण स्क्रीन माझ्याकडे होती.
"तिची आय वारली, तेचा चाळिसावा
हयसर मीच केला. बिर्यानी वाटली साऱ्या मोहल्ल्यात.
इतर काय लिवतोस?
लेक लिव."

यादीत मुलगी होतं. मी दाबलं.

चौथ्या दिवशी पैसे जमा झाले.
पंचवीस डॉलर कमी. त्यांनी बोट ठेवून विचारलं.
म्हटलं, मधल्या बँकेनं कापले.
मधली कोण?
कोण ते आम्हालाही ठाऊक नसतं, आजी,
पैसा तिच्या दारावरून जातो, म्हणून ती घेते.
त्या हसल्या, दात नसलेल्या बाजूनं.
"माज्या दारावरनं किती गेला.
मिया काय कापलां नाय."

साताऱ्याहून आलेले आमचे मॅनेजर केबिनमधून बाहेर आले,
मुदत ठेवीचं पत्रक घेऊन.
एवढी रक्कम शाखेत रोज येत नाही.
त्यांनी ज्येष्ठांचा जादा व्याजदर सांगितला,
मग दुसऱ्यांदा सांगितला, जरा मोठ्यानं.
"ऱ्हाऊ दे तवर. आधी तिला फोन करतंय,
पोचले म्हनून."

पासबुक यंत्रात घातलं.
कर्र कर्र करत तारीख उठली, रक्कम उठली,
आणि नावाच्या जागी नुसतं फदी.
पुढचं कोरं.
त्यांनी पासबुक परत सरकवलं.
"नाव पुरां नाय उठलां. हातान लिव."

पासबुकात हातानं लिहायचं नाही,
तसं परिपत्रक आहे, माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.
फेरी सुटायला सात मिनिटं होती.
मी पेन झटकलं,
आणि निळ्या शाईनं लिहिलं: ला.