उजव्या बाजूची सीट

बूट काढा, काल्टेनएगर-सान.
हो, गॅरेजमध्येही. नियम त्यांचा.
ते गेले, पण फरशीला अजून सवय आहे.

ही पाहा. चौसष्टांतली तेविसावी.
डॅशबोर्डवर पट्टी आहे, आकडा ठोकलेला.
तुम्ही आधी तीच शोधलीत, मला दिसलं.
सगळे तेच करतात.

एक्याण्णव साली घेतली. तेव्हा पैसा
छपरातून गळायचा; काटे-चमचे घासणारा माणूसही
म्युनिकची गाडी मागवायचा,
आणि तीही साधी नव्हे.
बव्हेरियातल्या कुठल्याशा खेड्यात
इंजिन पुन्हा उघडून, एकेक पिस्टन तोलून
हातानं जुळवलेली.
कारखान्याच्या कुंपणाला लागून गाई चरतात म्हणे.
हे सांगताना यांचा आवाज
देवळात शिरल्यासारखा खाली यायचा.

नोव्हेंबर ते एप्रिल ती झाकलेली.
आमच्या त्सुबामेत बर्फ वितळवायला
रस्त्यातूनच पाणी उडतं, लोखंडाचं, तांबडं.
ते तिला लागता कामा नये.
गॅरेजात ओल शोषणारं यंत्र चोवीस तास,
वर आमच्या गाद्यांना बुरशी.
मी कधी बोलले नाही.
म्हणजे बोलले, पण इंजिन चालू असताना.

स्टिअरिंग डावीकडे,
आमच्याकडे टोलची खिडकी उजवीकडे.
म्हणून उजव्या सीटवर मी.
तीस वर्षं चिठ्ठी घेतली, सुटे मोजले,
खिडकीतल्या माणसाला मान लववली.
पुढे सगळ्यांनी काचेला टोलची डबी लावली.
यांनी नाही. मूळ गाडीत नव्हती, म्हणाले.
मूळ गाडीत मीही नव्हते.
मुली, हे वाक्य भाषांतरात गाळ.
नको, असू दे.

रंगाची जाडी मोजून झाली? मोजा, मोजा.
डावं दार एकदा रंगवलंय,
तिथं तुमचं यंत्र कुरकुरेल.

आता किलोमीटर.
तुमच्या कागदावर अठ्ठावीस हजार आहेत.
खरेच होते, ते गेले त्या दिवसापर्यंत.
आता वाचा.
एकोणसत्तर.

बसा हवं तर. चहा आणते.

लायसन्स होतं माझं, सोनेरी पट्टीचं,
एकही अपघात नाही.
चालवलीच नव्हती तर कुठून होणार?
बॅटरी उतरू नये म्हणून एका रात्री किल्ली फिरवली,
आणि कानाझावाला उजाडलं.

टोलवर पट्टा सोडायचा,
दोन्ही सीटवर आडवं व्हायचं,
हात पुरेल तितका बाहेर.
मागचे ट्रक थांबून राहतात, हॉर्न देत नाहीत.
एकदा खिडकीतला म्हातारा
उठून, गाडीला वळसा घालून,
माझ्या बाजूला आला.
काही विचारलं नाही त्यानं.
उजव्या सीटकडे पाहिलं,
आणि सुटे दोन्ही हातांनी दिले.

तुम्हाला ठाऊक असेल,
चार हजारांपुढे काटा गेला की
तिचा आवाज बदलतो.
आधी घसा खाकरल्यासारखा,
मग एकदम मोकळा, छातीतून.
यांनी तीनच्या वर कधी नेली नाही.
जपायची होती ना.
ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजले
तो आवाज न ऐकताच गेले.
मी ऐकला. कुरोबेच्या बोगद्यात, काचा खाली करून.
दोनदा.

तुमच्या मनात भागाकार चाललाय,
दर किलोमीटरला किती येन.
करा कमी, मी घासाघीस करणार नाही.
कारखान्यात आयुष्यभर तेच ऐकलं,
घासा, अजून घासा.

दोन किल्ल्या, सर्व्हिसच्या वह्या,
पहिल्या दिवशीचं बिल, न उघडलेली छत्री.
खोक्यावर यांच्या अक्षरात नावं आहेत.

तुमच्याकडे मोटारींना टोल नसतो म्हणे,
आणि स्टिअरिंगही हव्या त्या बाजूला.
म्हणजे उजव्या सीटला काही काम उरणार नाही.

ती सरकवताना जरा हळू.
खाली रुळात शंभर येनचं एक नाणं अडकलंय,
नागाओकाला हातातून निसटलेलं.
निघत नाही.
मी काढून पाहिलंय.