साकु

प्रांजल दोन भाषांत नको म्हणते.
घरात "पुरे", अंगणवाडीत "साकु".
मला दोन्ही कळतात,
तरी मी आणखी एक घास करते,
आमटीत कालवून मऊ केलेला,
आणि मोबाईल दुधाच्या पातेल्याला टेकवून ठेवते.
त्यात एक निळा हत्ती नाचतो.
तो नाचतो तोवर तोंड उघडं,
तोंड उघडं की घास आत.

माझी आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत
पानं निवडायची.
घरी येऊन हात कितीही धुतले
तरी तिच्या घासाला तो कडू वास.
एका भाकरीचे चार तुकडे,
आणि तिचे डोळे आमच्या ताटांच्या
काठाकाठानं फिरायचे.
"पानात टाकलीस तर बघ."
आजही पोट भरल्यावर
ताटाला चिकटलेलं शेवटचं शीत
माझं बोट आपोआप पुसून घेतं.
भूक तिची होती.
मी ती प्रांजलला भरवत होते,
वरून तूप सोडून.

परशरामला कारलं चालत नाही, दोडका चालत नाही.
शेपूचा वास आला तर
उद्यमबागेतनं दुसरी पाळी करून आलेला माणूस
चप्पल न काढता विचारतो,
"काय केलीस गे हे?"
आणि आमच्याच कडोलीच्या रानात
शेपू गुडघाभर,
बांधावर कारल्याचा मांडव.
सगळं पहाटे टेम्पोत बसून
बेळगावच्या मार्केटला जातं.
घरात बटाटा शिजतो.

प्रांजल ताट ढकलते तळहातानं,
अंगठा आत मुडपून,
अगदी बापासारखी.
कुणी शिकवलं नाही तिला.
ती समोर बसलेली असायची, एवढंच.

एका दुपारी तिला आणायला लवकर गेले.
खिडकीतनं दिसलं,
अंगणवाडीची निंगव्वा पोरांच्या ओळीतच
मांडी घालून आपला डबा खात होती,
जोंधळ्याची भाकरी, अंबाडीची आंबट भाजी,
वर शेंगांची चटणी.
कुणाला खा म्हणत नव्हती.
चवीनं चावत होती, बोटं चाटत होती.
माझी लेक सरकत सरकत
तिच्या गुडघ्याला टेकली.
"बेकेनु?"
मान हलली.
एक घास. तोंड वाकडं. पुन्हा एक.
मग ती म्हणाली, "साकु."
आणि निंगव्वानं हात थांबवला,
डब्याला झाकण लावलं,
पदराला तोंड पुसलं.
एवढंच.
मी खिडकीबाहेर उभी,
चोरी पकडल्यासारखी.

त्या रात्री शेपू केला, मुगाची डाळ घालून.
मोबाईल तांदळाच्या डब्यात खुपसला.
आम्ही तिघं खाली बसलो.
परशरामनं चिमटीभर घेतलं,
डोळे मिटले,
औषधासारखं गिळलं.
प्रांजल त्याचं तोंड बघून खदखदून हसली.
मला कळलं,
मीही लग्नानंतर पहिल्यांदाच शेपू खात होते.

तिनं काही खाल्लं नाही तो.
नुसता वास घेतला आणि बाजूला ठेवला.
मी घास केला,
हात अर्ध्यात गेला,
आणि मग माझ्याच तोंडात वळला.
तिच्या ताटात भात राहिला, दोन घासांचा.
बोट निघालं होतं पुसायला.
मी ताट उचललं आणि परड्यात कोंबड्यांना झटकलं.

नऊ वाजता निपाणीहून फोन.
"पोर जेवली काय गे?"
"जेवली."
"किती?"
"तिला पाहिजे तेवढं."

पलीकडं बराच वेळ काहीच नाही.
मग लांबून,
राखेनं ताट घासल्याचा आवाज.