निळी की हिरवी

नॉरिस म्हणाला होता, रविवारी सलूनच्या शर्यती आहेत, येतोस का?
आणि मी नकळत मानेवरचे केस चाचपले.
मिरजेत सलून म्हणजे फिरती खुर्ची, वस्तरा, तुरटीचा खडा.
इथे हिंक्लीत सलून म्हणजे
बायकापोरांना बसवायची साधी मोटार,
मागच्या सीटा उपटून काढल्या
की रविवारी पिसाळणारी.
घरी येऊन सांगितलं तर तू पोट धरून हसलीस.
आणि थर्मास भरलास.

मॅलरी पार्क. मधोमध तळं, भोवती रस्ता.
एवढ्या गदारोळात बदकं जागची हलत नव्हती.
होजिअरीच्या गिरणीत असतील कामाला, तू म्हणालीस,
बहिरी झालीत.

आणि त्या अमेरिकन गाड्या, शालन!
कॅमेरोचं बॉनेट एवढं लांब
की आपली भाड्याची खोली त्यावर मावली असती, स्टोव्हसकट.
आठ सिलिंडर. आवाज कानात नंतर यायचा,
आधी बरगड्यांत, हलगीसारखा.
तिच्या मागे तांब्याएवढी मिनी.
हेअरपिनला रस्ता घडी घातल्यासारखा मागे दुमडतो,
तिथे कॅमेरो म्हशीगत अंग सावरत वळायची
आणि मिनी एक चाक वर उचलून,
खांबाशी आलेल्या कुत्र्यासारखी,
आतून सुळकन पुढे.
आम्ही ओरडायचो. कशाला, कुणासाठी, काही हिशेब नव्हता.
मग सरळ रस्ता लागायचा.
कॅमेरो नुसती खाकरायची,
आणि मिनीचा विषय संपायचा.

आता आम्ही नऊ जण उरलोत.
दुसऱ्या गुरुवारी पबच्या मागच्या खोलीत बसतो.
क्लाइव्हच्या कानात यंत्र, थर्कटलचा गुडघा नवा,
माझ्या गोळ्यांची डबी बिअरशेजारी.
तीन वर्षं एकच वाद चाललाय:
टेड हॅबर्लीची ती गाडी, शेवटच्या फेरीत गवतात गेलेली,
निळी होती की हिरवी?
फोटो आहे, पण काळापांढरा.
थर्कटल म्हणतो निळी. क्लाइव्ह आईची शपथ घेतो, हिरवी.
दोनदा थर्कटल कोट चढवून निघून गेला,
दोनदा छत्री विसरला म्हणून परत आला.

परवा नॉरिसने टेप आणली.
त्या दिवशीची, म्हणाला, माळ्यावर सापडली.
मध्येमध्ये कुणीतरी बोलतंय, तेवढं सांभाळून घ्या.
सगळ्यांनी डोळे मिटले.
खरखर. लाउडस्पीकर. मग लांबून ते आले,
डब्यात कोंडलेल्या भुंग्यांसारखे,
आणि त्यांच्या अलीकडे, अगदी माझ्या कानाशी:

अहो, झाकण कुठं ठेवलंत थर्मासचं?

एक गाडी गेली. दुसरी गेली.

गवतात बघा ना. पाय पडेल कुणाचा तरी.

आणि एक पोरगेला आवाज, माझाच असणार:
थांब गं, वळणावर आलेत.

पन्नास वर्षं नॉरिसच्या माळ्यावर
तू ते झाकण शोधत होतीस,
आणि मी तुला थांब म्हणत होतो.
गाड्या येत होत्या, जात होत्या.

टेप कट्‌कन थांबली.
कुणी काही बोललं नाही, मग थर्कटलनेच विचारलं,
ती तुझी मिसेस ना? काय म्हणतेय?

मी ग्लास उचलला. परत ठेवला.
म्हटलं, ती म्हणतेय,
बघा, ती निळी आली.

क्लाइव्हने यंत्र काढून पुसलं, पुन्हा बसवलं.
बरं, म्हणाला. तिने पाहिली असेल तर निळी.
नॉरिसने फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून टाकलं.
थर्कटलने माझ्या बिअरचे पैसे दिले,
हे यापूर्वी कधीच झालेलं नाही.

पुन्हा लाव, मी नॉरिसला म्हटलं.

खरं सांगू? गाडीचा रंग मला मुळीच आठवत नाही.
झाकण लाल होतं.
कडेला चीर गेलेलं, तू मेण लावून बुजवलेलं.